सहाशे रुपयांची डिस्क आणि मालकीचा प्रश्न

आमच्या ग्रुपमध्ये 'गॉड ऑफ वॉर'ची एक डिस्क फिरतेय. तिने आमच्यापेक्षा जास्त प्रवास केलाय. कल्याणच्या एका मुलाने ती नवी घेतली आणि खेळून झाल्यावर आमच्या वर्गातल्या मित्राला विकली. तिथून ती लोकलने आसनगावला आणि रिक्षाने शहापूरला आली. दोन महिने माझ्याकडे होती. मग एसटीने किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला गेली. सध्या टोकावड्याकडच्या एका मित्राच्या घरी आहे. पहिल्याने तिचे चार हजारांच्या आसपास मोजले होते, शेवटच्याने सहाशे. गेम मात्र तोच, आणि खेळताना अंगावर येणारा काटाही तोच!

आता समजा, दुसऱ्याच माणसाने डिस्क घातल्यावर कन्सोल म्हणाला असता, 'ही तुझ्या नावावर नाही, चालणार नाही.' मग? मुरबाड सोडा, आसनगाव स्टेशनसुद्धा तिने पाहिलं नसतं.

ही नुसती कल्पना नाही. जून 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स वन'चे नियम जाहीर केले होते. कन्सोलने 24 तासांतून एकदा इंटरनेटला जोडून हजेरी लावायची. नाही लावली तर गेम बंद. जुना गेम दुकानात विकता येईल की नाही, हे गेम काढणारी कंपनी ठरवणार. मित्राला द्यायचा असेल तर तो मित्र तुमच्या ऑनलाइन यादीत किमान 30 दिवस असला पाहिजे, आणि असा गेम एकदाच देता येणार. म्हणजे दोस्ती किती जुनी, हेही कंपनीच तपासणार! जगभरच्या गेमर्सनी इतका आरडाओरडा केला, की 19 जूनला कंपनीने हे नियम मागे घेतले. दरम्यान सोनीने एक छोटासा व्हिडिओ काढून मस्त टोला हाणला होता. विषय होता 'प्लेस्टेशनचा गेम मित्राला कसा द्यायचा'. एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो. संपला व्हिडिओ.

म्हणजे आपण जिंकलो? तसं वाटलं होतं खरं. पण नंतर जे झालं ते जास्त हुशारीचं होतं. बंदी कुणी घातलीच नाही, फक्त डिस्क टाकायची फट बुजवली. 2020 मध्ये 'प्लेस्टेशन 5' आला, तेव्हा त्याचं डिस्क ड्राइव्ह नसलेलं थोडं स्वस्त मॉडेलही आलं. त्यानंतर आलेल्या महागड्या 'प्रो' मॉडेलमध्येही ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो. डिस्कच नाही म्हटल्यावर विकणार काय? पूर्ण पैसे भरून डाउनलोड केलेला गेम तुमच्या अकाउंटला चिकटून बसतो. तो विकता येत नाही, आणि मैत्रिणीला कायमचा देऊन टाकायचा म्हटलं तरी देता येत नाही.

शहरातल्या ज्या मुलांना दर महिन्याला नवा गेम परवडतो, त्यांना याचा फारसा फरक पडत नसेल. आपल्याकडे पडतो. शहापूर-मुरबाडकडे कन्सोल बहुतेकदा सेकंडहँडच येतो, तोही तीन-चार जणांनी वर्गणी काढून. डोळखांबकडे पावसाळ्यात लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. तिथे रोजची हजेरी कोण लावणार आणि 50-60 जीबीचा गेम कुठल्या डेटा पॅकमध्ये उतरवणार?

आणि हे फक्त खेळण्यापुरतं नाही. गेल्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती आणि आमच्या एका मित्राच्या घरी त्या आठवड्यात पैसेच नव्हते. त्याने कल्याणला जाऊन तीन डिस्क विकल्या आणि संध्याकाळी फॉर्म भरला. घरी कळलंही नाही. तेच गेम त्याने डाउनलोड करून घेतले असते, तर कपाटातली ती गंगाजळी नुसती स्क्रीनवर दिसली असती, हाताला लागली नसती.

आता दुसरी बाजू. गेम बनवणारे म्हणतात, डिस्क पाच वेळा विकली गेली तर आम्हाला पैसे एकदाच मिळतात. यात तथ्य आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने 2020 मध्ये 'राजी' हा गेम काढला. आपल्या पुराणकथा आणि आपली चित्रशैली घेऊन ही पोरं थेट जगाच्या बाजारात उतरली. अशा छोट्या टीमच्या तोंडचा घास आपण काढतोय का, हा प्रश्न मलाही पडतो. शिवाय जुना बैल म्हातारा होतो, जुन्या पुस्तकाची पानं पिवळी पडतात, पण डिस्क नीट वापरली तर पाचव्या माणसालाही तोच ताजा गेम मिळतो. मग तो नवा कशाला घेईल?

पण टोकावड्याच्या मित्राचा हिशोब बघा. सहाशेची डिस्क मिळाली नसती, तर त्याने चार हजारांची घेतली असती का? अजिबात नाही. त्याने गेम खेळलाच नसता, किंवा पायरेटेड कॉपी शोधली असती. मग कंपनीच्या हाती काय लागलं असतं? उलट कल्याणच्या पहिल्या मुलाने चार हजार मोजले, तेच मुळी निम्मे परत येतील या भरवशावर. जुनी डिस्क विकून आलेल्या पैशांत भर घालून त्याने पुढचा नवा गेम घेतला. जुन्याचा बाजार असा नव्याच्या बाजारालाही खतपाणी घालतो.

ही रीत आपल्याला नवी नाही. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. घोंगड्या आणि गुरांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध. माझे आजोबा सांगतात, एका वर्षी तिथून घेतलेली बैलजोडी त्यांनी दोन वर्षांनी तिथेच विकली. पहिला मालक 'माझा हिस्सा द्या' म्हणत आला नाही. पैसे मोजले, दावं हातात आलं, जोडी आपली. विकत घेणं याचा आपल्या गावात एवढाच अर्थ आहे.

पुस्तकांच्या बाबतीत कायदाही हेच मानतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, एकदा चलनात आलेल्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा हक्क उरत नाही. म्हणून तर सीनियरची पुस्तकं आपण निम्म्या किमतीत बिनधास्त घेतो. पण संगणक प्रोग्रॅमसाठी त्याच कायद्याची भाषा वेगळी आहे, तिथे ही सूट अशी स्पष्ट लिहिलेली नाही. परदेशातही ओढाताण चालूच आहे. 2019 मध्ये पॅरिसच्या कोर्टाने 'स्टीम'वरचे गेम पुन्हा विकता आले पाहिजेत असा निकाल दिला आणि 2022 मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. डिस्कवरचा गेम पुन्हा विकण्यापासून कन्सोलने अडवू नये, कधीच. डाउनलोड केलेला गेमही एका अकाउंटवरून दुसऱ्यावर देता यावा. पहिल्याकडचा बंद, दुसऱ्याकडचा सुरू. तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य नाही. हवं तर अशा प्रत्येक विक्रीतला थोडा वाटा गेम बनवणाऱ्यांना मिळू दे, 'राजी'सारख्या टीमला त्याचा फायदाच होईल. आजोबांच्या बैलांना लावला नाही तो नियम इथे मला चालेल, कारण डिस्क म्हातारी होत नाही, हे मी मान्य केलंय.

आणि हे करायचं नसेल, तर 'खरेदी करा' हे बटण काढा. कॅलिफोर्नियाने 2025 पासून असा कायदा लागू केलाय. गेम मालकीचा मिळत नसून नुसता वापरायचा परवाना मिळतोय, हे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द तिथे वापरता येत नाही. आपल्याकडेही हे व्हायला काय हरकत आहे? भाड्याने देताय तर भाडं म्हणा, आणि किंमतही भाड्याचीच लावा.

परवा टोकावड्याच्या मित्राचा फोन आला. 'गेम संपला रे. माळशेजच्या पायथ्याच्या गावातला एक जण मागतोय. चारशेला देऊ का?'

मी म्हटलं, 'मला काय विचारतोस? डिस्क तुझी आहे.'

हे वाक्य पुढच्या पिढीलाही म्हणता आलं पाहिजे, एवढंच मागणं आहे.