तोतया कोण, आणि चुकल्यास भरपाई कोणाची?

शिक्षकांच्या खोलीत हल्ली एक नवे पाप सापडले आहे. ‘अमंग अस’ हा मोबाइलवरील खेळ मुलांना संशयी, खोटारडे आणि विश्वासघातकी बनवितो, असे आमच्या काही सहकाऱ्यांचे ठाम मत आहे. एक अमरावतीला आणि एक अकोल्याला मराठी शिकविणारे आम्ही दोघे या मताच्या पूर्ण विरोधात आहोत. संशय मुलांना समाजानेच शिकविला. तो कसा तपासावा आणि चुकला तर काय होते, हे मात्र कधी शिकविले नाही. ते हा खेळ थोडेफार शिकवितो, असे आमचे म्हणणे आहे.

ज्यांनी खेळ न पाहताच निकाल दिला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०१८ साली एका छोट्या अमेरिकन चमूने तो काढला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघर पोहोचला. अंतराळयानात रंगीबेरंगी खलाशी नेमलेली कामे करीत असतात. त्यांच्यातच एक-दोन तोतये असतात. ते कामाचे सोंग करतात, यंत्रे बिघडवितात आणि एकट्यादुकट्याला गाठून मारतात. प्रेत सापडले की सभा भरते, वाद होतो, मतदान होते आणि सर्वाधिक मते ज्याला पडतील त्याला यानाबाहेर फेकले जाते. मेलेल्यांना जिवंतांशी बोलता येत नाही. मात्र आपली उरलेली कामे ते पुरी करू शकतात.

‘तोतया’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक जण उभा राहिला. १७७६ साली त्याने कोकणात मोठे बंड केले. शेवटी तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. तेव्हा ‘आपल्यातला हा खरा की खोटा?’ हा प्रश्न काही परदेशी खेळाने आमच्या दारात आणून टाकलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याहून बडनेऱ्याकडे येताना मूर्तिजापूरला सहा मुलांचा घोळका आमच्या डब्यात चढला आणि समोरच बसून हा खेळ मांडून बसला. पहिले प्रेत सापडताच गलका झाला. “निया लय चूप हाय बे, थोच असन!” निळा रंग घेतलेला मुलगा मुळातच अबोल दिसत होता. त्याने दोन शब्द उच्चारायच्या आत मते पडली आणि निळा बाहेर गेला. लगेच पडद्यावर अक्षरे उमटली की, तो तोतया नव्हता. क्षणभर सारे गप्प झाले. मग त्यांच्यातलाच एक म्हणाला, “थो कुठी होता, हे कोनं इचारलं?” तो डाव ते हरले. पुढच्या डावात मात्र प्रत्येक आरोपाला प्रश्न येऊ लागले. तू कुठे होतास? सोबत कोण होते? कोणते काम करीत होतास? बडनेरा येईपर्यंत या मुलांनी पुराव्याचा असा आग्रह धरला की, तेवढा आम्हांला आमच्या एम. ए. च्या वर्गातही क्वचितच ऐकू येतो.

यातले मर्म हे की, निरपराध माणूस बाहेर गेला तर बाहेर फेकणारेच दुबळे होतात. शिवाय निकाल दाखविण्याची सोय चालू ठेवली असेल, तर आपली चूक तत्काळ डोळ्यांपुढे येते. आम्ही लहानपणी राजा, मंत्री, चोर, शिपाई अशा चिठ्ठ्या टाकून खेळत असू. त्यातही चोर ओळखणाऱ्याचा अंदाज चुकला की त्याचे गुण चोराच्या खात्यात जमा होत. म्हणजे चुकीच्या आरोपाची भरपाई आरोप करणाऱ्याने करावी, हा न्याय आमच्या अंगणातल्या खेळालाही ठाऊक होता.

तो गावाला ठाऊक आहे काय? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना, मुले पळविणारे समजून, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून जमावाने मारले. फार लांब कशाला जायचे? आमच्याच जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातील रेट्याखेड्यात, डिसेंबर २०२४ च्या अखेरीस ७७ वर्षांच्या एका आजीला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून तिची धिंड काढल्याची तक्रार पुढे पोलिसांत गेली. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. त्या जमावांना संशय घ्यायला कोणत्या मोबाइलने शिकविले होते? आणि ‘ती चेटकीण नव्हती’ अशी अक्षरे त्यांच्यापुढे कोणत्या पडद्यावर उमटणार होती?

इतिहासाच्या सभेतही हेच चालते. संभाजी महाराज १६८९ साली संगमेश्वरी पकडले गेले; फितूर कोण, ही सभा अजून उठलेली नाही. २०२५ साली ‘छावा’ चित्रपट आला, गणोजी व कान्होजींच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. खरे-खोटे अस्सल कागदांवरून इतिहासकारांनी ठरवावे. आमची तक्रार वेगळी आहे. या सभेत एका नावावरून आडनावावर आणि आडनावावरून जातीवर उडी मारायला कोणालाच वेळ लागत नाही, आणि ती उडी चुकली तरी मारणाऱ्याचे काहीच जात नाही.

आता आक्षेपाकडे येऊ. या खेळात खोटे बोलणारा जिंकू शकतो, हे खरे. पुष्कळदा पुराव्यापेक्षा मोठा आवाज जिंकतो, हेही खरे. जॉन कॅम्पबेल यांच्या १९३८ सालच्या विज्ञानकथेत अंटार्क्टिकावरच्या तळात माणसाचे रूप घेणारा प्राणी शिरतो. तिथे माणसे अखेर रक्ताची चाचणी शोधून काढतात. चाचणी ही मतदानापेक्षा केव्हाही श्रेष्ठ. पण या खेळातही काही कामे इतरांना दिसतील अशी असतात. वैद्यकीय कक्षात स्वतःची तपासणी करून घेणारा खलाशी निर्दोष ठरतो, कारण तोतयाला ते साधत नाही. मुरलेले खेळाडू ओरडत बसत नाहीत. “चल, माझ्यासमोर तपासणी करून दाखव,” असे म्हणतात.

आमच्या सहकाऱ्यांना विनंती एवढीच की, मुलांच्या हातातला मोबाइल काढून घेण्यापूर्वी आपण वर्गात काय करतो ते पाहावे. ‘कादंबरीतील खलपात्राचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न आपण घालतो, मुले मार्गदर्शकातले उत्तर उतरवतात आणि आपण त्यावर गुण देतो. ‘कोणत्या पानावरून म्हणतोस?’ असे आपण किती वेळा विचारले? आम्ही दोघांनीही पुरेसे विचारले नाही, हे कबूल करतो. डब्यातल्या त्या मुलांना तो प्रश्न एका हरलेल्या डावाने शिकविला.