सुई घरी, दावा नामंजूर

या महिन्याच्या टपालात एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे. ग्लॅटिरामरवर स्थिर असलेल्या एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) रुग्णाचा मेडिक्लेम नाकारला. कारण, ‘२४ तास दाखल नव्हते’. रोज २० मिलिग्रॅम किंवा आठवड्यातून तीनदा ४०, त्वचेखाली, रुग्णाने स्वतःच टोचून घ्यायचे हे औषध. त्यासाठी खाट कशाला अडवायची?

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची यादी काढली. तीत इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी आल्या, पण रुग्णालयात किंवा डे-केअरमध्ये दिल्या तरच. त्यामुळे रिटुक्सिमॅबला वाट मिळते. ग्लॅटिरामर आणि इंटरफेरॉन दाराबाहेरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये एमएसची औषधे प्रथमच अत्यावश्यक यादीत घेतली, त्यांत ग्लॅटिरामर आहे. आपल्या विमा कंपन्यांच्या लेखी मात्र तो ओपीडीचा किरकोळ खर्च!

पुढे काय होते ते आपण सगळेच पाहतो. पैसे संपतात, इंजेक्शने बंद पडतात, रिलॅप्स येतो. मग रुग्णाला दाखल करून पाच दिवस मिथाइलप्रेडनिसोलोन चढवायचे, आणि ते बिल मंजूर होते. झटका टाळणाऱ्या औषधाला नकार, झटक्याच्या खर्चाला होकार. झटक्यात लुळा पडलेला पाय पूर्ववत झाला नाही तर त्याची भरपाई कोण करणार? मूल हवे असलेल्या तरुणीला आपण विचारपूर्वक ग्लॅटिरामर सुचवतो आणि घरचे म्हणतात, “डॉक्टर, पॉलिसीत बसेल असं काही द्या ना.” एमआरआय बाजूला राहतो आणि पॉलिसीच औषध ठरवते.

काही सहकारी यावर ‘निरीक्षणासाठी दाखल’ असे लिहून रुग्णाला एक रात्र ठेवून घेतात. हे खोटे आहे, ते थांबवा. चौकशी लागली की भोगतो रुग्ण, आणि खरे दावेही संशयात सापडतात.

नकार लेखी मागायला रुग्णांना सांगा. कंपनीकडे तक्रार करून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. पण दाखल होण्याची अटच बदलायची तर प्राधिकरणापुढे पुरावा ठेवावा लागेल, आणि त्यासाठी मागितलेली माहिती आपल्या संघटनेच्या बहुतेक शाखांनी अजून पाठवलेली नाही. ओपीडीत वेळ मिळत नाही, ही सबब आता पुरे. रुग्णाचे नाव गाळून एका पानावर लिहा: कोणते इंजेक्शन, नकाराची तारीख, औषध किती दिवस बंद राहिले, नंतर रिलॅप्स आला का. महिनाअखेरीपर्यंत पाठवा.