डोंगराआडचा सूर्य

बोदवडहून मोटारीने लेहला जायचे ठरले, तेव्हा आप्तेष्टांचा पहिला प्रश्न होता, "तिकडे कोणते तीर्थ आहे?" शिखरजी, पालिताणा, श्रवणबेळगोळ ही क्षेत्रे बाईंनी (आमच्या घरात आईला बाईच म्हणतात) संघाबरोबर पाहिली होती. एकाहत्तराव्या वर्षी त्यांना फक्त बर्फ पाहायचा होता. मला एवढे कारण पुरेसे वाटले. काहींना ते अजूनही वाटत नाही.

मुक्ताईनगर, बऱ्हाणपूर, इंदूर, दिल्ली हा तापलेला रस्ता खाकरे आणि ज्वारीच्या बिबड्यांवर सरला. खरी चिंता पुढची होती. उंचीवर हवा कोरडी असते, श्वास जलद होतो आणि शरीरातील पाणी झपाट्याने घटते. डॉक्टरांनी भरपूर पाणी पिण्यास बजावले होते. बाईंचा मात्र चाळीस वर्षांचा चौविहार. सूर्यास्तानंतर थेंबही नाही.

मनालीपुढे ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० पासून खुला आहे. रोहतांग न चढता आपण लाहौलात उतरतो. सुमारे ३,२०० मीटरवरील जिस्पाला आम्ही शरीर रुळावे म्हणून तीन रात्री थांबलो. तिथे पहिल्याच दिवशी सूर्य लवकर डोंगराआड गेला. मी निमूटपणे पाण्याची बाटली आवरू लागलो, तर बाई म्हणाल्या, "राहू दे. श्रावणात आपल्याकडे दिवस दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा आपण घड्याळच पाहतो ना? तो लपला आहे, मावळलेला नाही." वास्तविक हा युक्तिवाद मला सुचायला हवा, अशी माझी समजूत होती!

शिवाय उत्तरेकडे उन्हाळ्यातला दिवस मोठा. जूनमध्ये लेहचा सूर्य बोदवडपेक्षा सुमारे अर्धा तास आधी उगवतो आणि वीसेक मिनिटे उशिरा मावळतो. उगवतीनंतरची अठ्ठेचाळीस मिनिटे नवकारशीसाठी सोडली तरी पाणी प्यायला जवळजवळ तासभर अधिक मिळतो. बाईंनी दिवसाचे पेले मोजून ठरवले आणि ते नेमाने संपवले.

उरला प्रश्न रात्रीचा. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार सांगितले आहेत. तीव्र पीडेने चित्ताची समाधी ढळत असेल, तर औषधाची मुभा त्यांत आहे. पण ती घ्यायची केव्हा, हे कोणी ठरवायचे? उंचीचा विकार मेंदूवर गेला की माणूस असंबद्ध बोलतो, चालताना तोल जातो. स्वतःची अवस्था त्याला स्वतःला कळत नाही. बारालाचा चढण्याच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी निर्णय दिला, "शुद्धीवर आहे तोवर मी ठरवीन. बोलणे बिघडले, तर तू ठरव. मला विचारू नकोस."

दुसऱ्या दिवशी बारालाचाला त्यांनी मूठभर बर्फ उचलला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. बोलल्या काहीच नाहीत.

लेहच्या पहिल्या रात्री दोन वाजता त्यांनी मला उठवले. डोके दुखत होते. मी वार विचारला, नातवंडांची नावे विचारली, सतरंजीच्या काठावर पावलापुढे पाऊल टाकत चालायला लावले. त्या सरळ चालल्या. वर, बोदवडच्या दूधवाल्याचे किती पैसे द्यायचे राहिले आहेत, तेही न विचारता सांगितले. मी आगाराचा विषय काढला नाही, त्यांनीही नाही. पहाटेपर्यंत दोघे बसून राहिलो. नवकारशीची वेळ झाल्यावर त्यांनी प्रथम पेलाभर उकाळलेले पाणी घेतले, मग गोळी.