भिंत सरकारची, चित्रकार कुणाचा?

गेल्या महिन्यात द्वारकेतील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी पाचसहा निवृत्त मंडळी चहाला जमली होती. बहुतेकांनी आपल्या नोकरीची निदान काही वर्षे नॉर्थ ब्लॉकमध्ये घालविलेली. साहजिकच बोलणे जुन्या कचेरीकडे वळले. कोणत्या सचिवांची सही वाचता येत नसे, अर्थसंकल्पापूर्वीचा हलवा कसा होई, माकडांनी कोणाचा डबा पळविला, सारे काही मंडळींना मुखोद्गत होते. आम्ही मध्येच विचारले, "तिथल्या समितीकक्षांत भिंतींवर आणि छतावर चित्रे आहेत, ती कोणी काढली?" क्षणभर कोणी बोलेना. एकजण म्हणाले, "इंग्रजांनी." दुसऱ्यांना तो कोणी इटालियन असावा असे वाटले. तिसऱ्यांना तिथे चित्रे आहेत हेच आठवेना. आणि याच गृहस्थांनी त्या कक्षात बसून कित्येक बैठकांची इतिवृत्ते लिहिली होती!

ती चित्रे इंग्रजांची नव्हेत, इटालियनाचीही नव्हेत. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, नवी दिल्लीचे उद्घाटन होण्यापूर्वी, मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या मंडळींनी ती काढली. दिल्लीत मराठी माणसाला कोणी विचारीत नाही, ही तक्रार आम्ही परप्रांतस्थ चाकरमाने गणेशोत्सवापासून स्नेहसंमेलनापर्यंत नित्य ऐकतो आणि करतो. ज्या खोलीत आपल्याच प्रांतातून आलेल्या चित्रकारांचे काम डोक्यावर होते, त्या खोलीत तीस तीस वर्षे मान खाली घालून टिपणे लिहिणाऱ्यांना ही तक्रार करण्याचा अधिकार पोचतो काय? आमच्या मते पोचत नाही.

आमचे म्हणणे नीट कळावे म्हणून वाचकांना थोडे दूर, जर्मनीत न्यावे लागेल. राज्यकर्त्यांनी आपल्या इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या हवाली कराव्यात, या प्रथेला गेल्या दोन शतकांत जो नवा जोम आला, त्याच्या मुळाशी पेटर कोर्नेलियुस नावाचा एक हट्टी गृहस्थ आहे. १७८३ साली ड्युसेलडॉर्फ येथे त्याचा जन्म झाला. १८११ मध्ये तो रोमला गेला आणि तेथे धर्मवेडाने व कलावेडाने भारलेल्या काही जर्मन तरुणांत मिसळला. त्यांचे लांब केस आणि मठातली राहणी पाहून लोक त्यांना थट्टेने 'नाझरेन' म्हणत. राफाएलच्या काळची भित्तिचित्रे पुन्हा जिवंत करावयाची, हा या मंडळींचा ध्यास. पण ती विद्या जवळजवळ लोपली होती. चुन्याचा गिलावा ओला असेतोवरच त्यावर रंग भरावयाचा. गिलावा वाळला की रंग त्यातच मुरून बसतो, मग खोडता येत नाही की सुधारता येत नाही. म्हणून आज जेवढे रंगवून होईल तेवढ्याच भिंतीला आज गिलावा द्यावयाचा. हे तंत्र जाणणारा एक म्हातारा गवंडी त्यांनी हुडकून काढला, असे सांगतात. १८१६-१७ मध्ये प्रशियाच्या वकिलाच्या रोममधील घरात त्यांनी बायबलमधील योसेफाची कथा रंगविली आणि या घरगुती कामाचा बोलबाला थेट बव्हेरियाच्या युवराजाच्या कानी गेला.

हा युवराज म्हणजे पुढचा राजा पहिला लुडविग. त्याने कोर्नेलियुसला म्यूनिकला बोलाविले. ग्रीक-रोमन शिल्पांसाठी तो 'ग्लिप्टोथेक' नावाचे संग्रहालय बांधीत होता; त्याची दालने ग्रीक देवदेवतांनी आणि ट्रॉयच्या वीरांनी भरण्यात कोर्नेलियुसची १८२० ते १८३० ही दहा वर्षे गेली. एवढे काम एका हाताने होणे शक्य नव्हते. आराखडे त्याचे असत आणि भिंतीवर रंग चढविणाऱ्यांत त्सिमरमान, श्लोटहाउअर अशी माणसे असत. ही दुय्यम नावे आम्ही मुद्दाम लिहीत आहो, कारण ती जर्मनांनी लिहून ठेवली आहेत. पुढे म्यूनिकच्या लुडविग चर्चमध्ये वेदीमागच्या प्रचंड भिंतीवर कोर्नेलियुसने 'अखेरचा न्याय' रंगविला. हे चित्र सुमारे साठ फूट उंच आहे. जगातल्या अतिशय मोठ्या भित्तिचित्रांत त्याची गणना होते. मात्र ते राजाला रुचले नाही. या माणसाला रेखाटता येते, रंगविता येत नाही, असा राजाचा आक्षेप होता आणि खरे बोलावयाचे तर तो अगदीच अनाठायी नव्हता. १८४१ मध्ये कोर्नेलियुस रुसून बर्लिनला निघून गेला. तेथे प्रशियाच्या राजघराण्याच्या दफनभूमीसाठी त्याने मोठमोठे आराखडे काढले. दफनभूमी काही बांधली गेली नाही. १८६७ मध्ये तो वारला, तेव्हा ती चित्रे कागदावरच होती. पण १८७६ साली बर्लिनचे राष्ट्रीय चित्रालय उघडले, त्यात त्या कागदांसाठी खास दालने राखलेली होती!

पुढे अभिरुची बदलली आणि ते कागद तळघरात गेले. ग्लिप्टोथेकमधली चित्रे दुसऱ्या महायुद्धाने गिळली. १९७२ मध्ये ते संग्रहालय पुन्हा उघडले ते उघड्या विटांच्या भिंतींनिशी. आज कोर्नेलियुसवर जीव टाकणारे रसिक जर्मनीतही फार नसतील. त्याच्या आकृती ताठर आहेत, रंग रुक्ष आहेत. आम्हांलाही तो फारसा भावत नाही. पण तिथे ती भिंत उरली नाही, चित्र उरले नाही, तरी चित्रकाराचे नाव उरले, आणि त्याच्या हाताखालच्यांचेही उरले. आमच्याकडे भिंत उभी आहे, चित्रही आहे. नाहीसे झाले आहे ते केवळ नाव!

१८४१ सालीच कोर्नेलियुस लंडनला गेला होता. नव्या पार्लमेंट इमारतीच्या भिंती रंगवाव्यात कशा, याबद्दल तेथे त्याचा सल्ला घेण्यात आला. तुमच्याकडे ईस्टलेक असता माझी गरज काय, असे तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. सरकारी भिंतीवर घरच्याच चित्रकारांचा हक्क पहिला, हे परक्याने सांगितले आणि इंग्रजांनी मानले. १८४३ मध्ये वेस्टमिन्स्टर सभागृहात चित्रकारांच्या आराखड्यांचे जाहीर प्रदर्शन भरले. हीच रीत पाऊणशे वर्षांनी नवी राजधानी बांधताना दिल्लीत आली, आणि तिच्यावरून मुंबई व बंगाल यांच्यात चांगलीच जुंपली.

मुंबईच्या बाजूचे सेनापती ग्लॅडस्टन सॉलोमन. कलाशाळेची सूत्रे १९१९ च्या सुमारास त्यांच्या हाती आली आणि गव्हर्नर लॉइड यांच्या पाठिंब्याने त्यांनी भित्तिचित्रणाचा वर्ग काढला. १९२४ च्या वेम्ब्ली प्रदर्शनात मुंबईच्या विद्यार्थ्यांनी सजविलेली एक 'भारतीय खोली' लंडनकरांनी पाहिली. नवी दिल्लीच्या भिंती आमच्या मुलांना मिळाल्या पाहिजेत, ही चळवळ सॉलोमन आणि 'बॉम्बे क्रॉनिकल'मधून लिहिणारे कनैयालाल वकील यांनी नेटाने चालविली. पाश्चात्य रीतीने जिवंत मॉडेल समोर ठेवून शिकणारी मुंबईची मुले भारतीय चित्र काढणारच कशी, असा बंगालचा सवाल होता. या वादात उभयपक्षी बरेच वेडेवाकडे लिहिले गेले. अखेर मुंबईला नॉर्थ ब्लॉकमधले काम मिळाले. आणि लंडनच्या इंडिया हाउसच्या घुमटाचे काम रणदा उकील, धीरेंद्रकृष्ण देववर्मा, सुधांशु चौधुरी आणि ललितमोहन सेन या चौघांकडे गेले.

हे चार नामनिर्देश वाचकांनी पुन्हा पाहावेत. चारही नावे आम्ही कोणत्याही संदूकात न शोधता लिहू शकलो. उकील बंधूंनी तर पुढे दिल्लीतच संस्था उभारल्या. मुंबईच्या बाजूला मात्र काय लिहिले जाते? 'मुंबई शाळेचे काम', आणि फार झाले तर सॉलोमनसाहेबांचे नाव. भारतीय पद्धतीचा वर्ग ज्यांनी सांभाळला ते नगरकर कोण, हे कलाशाळेच्या बाहेर किती जणांना ठाऊक आहे? ही सवय आम्हांला आजची नाही. १८७२ पासून १८८५ पर्यंत कलाशाळेची मुले अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत बसून चित्रांच्या नकला उतरवीत होती. त्या नकला साऱ्या जगात 'ग्रिफिथ्स यांच्या' म्हणून ओळखल्या जातात. त्यांतल्या कित्येक लंडनमध्ये आगीत जळाल्या, तेव्हा हळहळ झाली तीही ग्रिफिथ्स यांच्याबद्दलच.

सॉलोमन यांच्या शाळेपासून स्वतंत्रपणे याच सचिवालयात घुमट रंगविणारे आणखी एक चित्रकार होते: फैजी रहमीन. जन्म १८८० चा, पुण्याचा. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातला. शिक्षण जे. जे. मध्ये आणि मग लंडनच्या रॉयल अकॅडमीत. अतिया फैजी यांच्याशी विवाह करून त्यांनी इस्लाम स्वीकारला, फाळणीनंतर कराचीला गेले आणि १९६४ मध्ये तेथेच निवर्तले. ते ज्यू होते म्हणून पुण्याने त्यांना आपले म्हटले नाही, पाकिस्तानात गेले म्हणून दिल्लीने म्हटले नाही. पुणेरी मातीतला एक माणूस साम्राज्याच्या घुमटाखाली पराती बांधून रंग देतो, याची कथा मराठीत कोणाला लिहावीशी वाटू नये, याचे आम्हांला नवल वाटते आणि शरमही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की ही चित्रे साम्राज्याची खुशामत म्हणून काढलेली, शिवाय मध्यम प्रतीची. त्यांचे एवढे कौतुक कशाला? कौतुक करा असे आम्ही म्हणतच नाही. कोर्नेलियुसनेही राजाचाच पैसा घेतला होता. चित्र वाईट असेल तर ते कोणाचे वाईट, हे कळण्यासाठी तरी नाव हवे. दुसरा आक्षेप, हा प्रांताभिमान झाला. तोही आम्हांला मान्य नाही. या कामात वाटा असलेले जगन्नाथ अहिवासी व्रजभूमीतले, पोरबंदरास वाढलेले. रहमीन यांची हकिकत वर दिलीच आहे. केवळ मराठी नावांची यादी आम्हांला नको. तशी ती होणारही नाही. ज्यांनी काम केले त्या सर्वांची नावे हवीत.

आणि ती आत्ताच हवीत. २०२५ मध्ये गृह आणि अर्थ या दोन्ही खात्यांनी नॉर्थ ब्लॉकमधून कर्तव्य भवनात बिऱ्हाड हलविले. नॉर्थ व साउथ ब्लॉकमध्ये 'युगे युगीन भारत' हे राष्ट्रीय संग्रहालय करण्याची योजना २०२३ मध्येच जाहीर झाली आहे. कचेरीत जे चित्र केवळ भिंतीचा भाग होते, ते संग्रहालयात वस्तू होते. वस्तूखाली पाटी लागते. आणि एकदा लागलेली पाटी पन्नास वर्षे कोणी बदलीत नाही, हे सरकारी नोकरीत मुरलेल्या आमच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. 'मुंबई शाळा, सुमारे १९२९' एवढीच पाटी लागली, तर तो दोष संग्रहालयाचा मानता येणार नाही. कागद पुढे करणे ज्यांचे काम होते त्यांनी तो केला नाही, एवढाच त्याचा अर्थ होईल.

सॉलोमन यांनी या भित्तिचित्रांवर स्वतः लिहिलेले पुस्तक १९३० साली मुंबईत छापले गेले. दिल्लीतल्या एखाद्या जुन्या ग्रंथालयात त्याची प्रत असेल, तर वाचकांपैकी कोणी ती पाहून नावांची नक्कल आम्हांला पाठवावी. ज्यांच्या घरी त्या वर्षांत जे. जे. मध्ये शिकलेल्या आजोबांची पत्रे, दिल्लीहून धाडलेली कार्डे किंवा परातीवर उभ्या असलेल्या मुलांचे एखादे छायाचित्र असेल, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी एकवार कळवावे. आणि ज्या गृहस्थांना त्या खोलीत चित्रे असल्याचे आठवत नव्हते, त्यांनी आपण कोणत्या बाजूस तोंड करून बसत होतो एवढे जरी आठवून सांगितले, तरी तेथपासून सुरुवात करता येईल.