सोंग आणि नाव

ऐतिहासिक सिनेमात मावळ्याच्या मनगटावर घड्याळाचा पट्टा दिसू द्या, किंवा गडामागे विजेची तार. आपली मंडळी थेटर डोक्यावर घेतात. पेशवीणबाईंची नथ चुकली तर वर्तमानपत्रांना पत्रं जातात. पण जुन्या युद्धपटातलं विमान? त्याला दोन पंख असले की झालं! अहो, पंख कावळ्यालाही असतात आणि मोरालाही. म्हणून काय कुणी कावळ्याला मोर म्हणतं?

हे मी घरात बोलून दाखवलं, की आमच्या सौभाग्यवती विचारतात, "सिनेमा बघायचाय की विमान?" माझं म्हणणं, दोन्ही बघावं. तिकीट एकच लागतं.

१९६९ चा 'बॅटल ऑफ ब्रिटन' घ्या. त्यात हल्ला करणारी जर्मन मेसरश्मिट १०९ विमानं ही खरी स्पेनमध्ये बनलेली 'बुचॉन' आहेत. ओळखायला पदवी लागत नाही. जर्मन इंजिन उलटं बसवलेलं असे, त्यामुळे धुराची नळकांडी नाकाच्या खालच्या अंगाला असत. बुचॉनची वरच्या अंगाला दिसतात, कारण आत ब्रिटिश रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन! म्हणजे स्पिटफायरच्या पोटात तेच आणि शत्रूच्याही पोटात तेच. सवाल-जबाबात दोन्ही फडांना एकच ढोलकीवाला.

१९७० च्या 'तोरा! तोरा! तोरा!' मधली जपानी झिरो विमानं ही वेषांतर केलेली अमेरिकन टेक्सन, शिकाऊ वैमानिकांची विमानं. त्यांचीच भावंडं हार्वर्ड या नावाने आपल्या हवाई दलात होती. त्यांच्यावर आपली पोरं उडायला शिकली.

पण कमाल 'जेट पायलट'ची. १४ ऑक्टोबर १९४७ ला चक येगर ज्या बेल एक्स-१ या प्रायोगिक विमानातून आवाजाच्या वेगापुढे गेला, ते विमान १९५७ साली या सिनेमातून लोकांसमोर आलं ते चक्क रशियन म्हणून! हिंदकेसरीला दाढी चिकटवून शत्रूच्या गोटात उभं करावं, आणि प्रेक्षकांनी त्याच्याकडे न बघता शेंगा सोलत बसावं, त्यातली गत.

यावर काही शहाणे म्हणतात, "म्हणजे सगळं खोटंच की!" या लोकांशी तर माझं अधिक भांडण आहे. खोटं काय आहे त्यात? 'द फ्लाइट ऑफ द फिनिक्स'मध्ये वाळवंटात अडकलेली माणसं मोडक्या विमानातून नवं विमान बांधतात. ती भूमिका करायला चित्रीकरणापुरतं एक विमान खरोखर बांधलं होतं. ८ जुलै १९६५ ला पॉल मॅन्ट्झ ते जमिनीलगत उडवत असताना चाकं जमिनीला लागली, विमान मोडलं आणि मॅन्ट्झ गेले. विमानाने सोंग घेतलं होतं. मरण अस्सल होतं.

म्हणून ओळखायचं ते चोरी पकडायला नव्हे, मान द्यायला. आपल्या नाटकांत पहिल्या अंकात पत्र देऊन जाणाऱ्या पोस्टमनचंही नाव जाहीर करतात. इथे जिवावर उदार होऊन कुणीतरी आकाशात कोलांट्या घेतो, आणि त्याच्या विमानाला आपण नुसतं 'ते विमान' म्हणतो. पोस्टमनपेक्षा त्याचा मान कमी आहे काय?