बिद्रीवरनं की कागलवरनं?

मुरगूडच्या एसटी स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागली की कंडक्टरला एक प्रश्न ठरलेला असतो. परवा एका आजींनी तो माझ्यासमोर विचारला, "बाबा, बिद्रीवरनं जाती का कागलवरनं?" "कागलवरनं, आज्जी. बिद्रीची मागनं हाय." आजी पिशवी खाली ठेवून थांबल्या. अंतर किती आणि रस्ता कुठे वळतो, हे त्यांनी विचारले नाही. रेघ कोणती आणि तिच्यावर कोणती गावे, एवढे त्यांना पुरले.

लंडनच्या भुयारी रेल्वेत सिग्नलचे आराखडे काढणाऱ्या हॅरी बेकने १९३१ साली हेच ओळखले. त्याने वाकड्यातिकड्या मार्गांच्या आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांत तिरक्या रेघा केल्या आणि स्थानके जवळपास सारख्या अंतरावर बसवली. आधी नाकारलेला तो नकाशा १९३३ मध्ये छापला गेला. पुढे केमरन बूथसारख्या आलेखकारांनी अमेरिकेचे महामार्गही याच पद्धतीने मांडले. आपल्या जिल्ह्यांचे रस्ते असे आखायला घ्यावेत, हे या संपादकीयाचे सांगणे आहे.

त्यासाठीची भाषा आपल्याकडे तयार आहे. तीन रस्ते मिळतात तो तिट्टा, रस्ता फुटतो तो फाटा. कोल्हापूर–गारगोटी आणि निपाणी–राधानगरी हे रस्ते जिथे एकमेकांना भेटतात त्या मुदाळ तिट्ट्याला मेट्रोच्या नकाशात गाडी बदलायचे वर्तुळ मिळाले असते. एसटीच्या भाड्याचा टप्पा ६ किलोमीटरचा, म्हणजे सारख्या अंतरावर ओवलेले मणीही आहेत. गाडीच्या पाटीवरचा 'मार्गे' हा शब्द तर रेघेचे नावच सांगतो. रेघांना क्रमांकाऐवजी ही नावे द्यावीत, असे माझे मत आहे. पुणे–बंगळूर महामार्ग २०१० च्या नव्या क्रमवारीत ४ चा ४८ झाला, पण आमच्या भागात अजून 'एनएच फोर'च चालते.

तरी त्या क्रमवारीतली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तीन आकडी क्रमांकातले शेवटचे दोन आकडे मूळ महामार्ग सांगतात. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे येणारा १६६ हा ६६ चा फाटा, आणि संकेश्वर–बांदा हा ५४८ एच ४८ चा. फाट्याला मूळ रंगाचीच फिकी छटा दिली की नाते न लिहिता कळते.

अक्षरांवर मात्र मेहनत आहे. रोमन लिपीतली नावे तिरकी लावून जागा वाचवतात. मी 'मुदाळ तिट्टा' ४५ अंशांत लावून पाहिले, तर शिरोरेखा शेजारच्या तिरक्या रस्त्याला समांतर धावू लागली आणि दुसरा रस्ताच काढल्यासारखा दिसला. देवनागरीत नावे आडवीच हवीत. वर वेलांटीला आणि खाली उकाराला जागा सोडायची, तर ठिपक्यांतले अंतरही वाढवावे लागते. आधी नावे बसवा, मग रेघा ओढा.

याहून मोठी चूक मला एका एसटी कंडक्टरने दाखवली. माझ्या पहिल्या आराखड्यात नद्या नव्हत्या. त्यांनी कागद उलटासुलटा करून विचारले, "पाणी कुठं चढतंय ते ह्यात कुठं हाय?" बेकने जमिनीवरचे सगळे पुसले, पण थेम्स ठेवली होती. तिथे ती दिशा कळण्यापुरती होती. आपल्याकडे नदी वाहतूक ठरवते. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ पंचगंगेने महामार्ग बंद केला. जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी त्याच महामार्गावर आले. घाटांचेही तसेच. २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी करूळ घाट बंद झाला, तेव्हा कोकणात उतरणारी वाहने फोंडा आणि भुईबावडा घाटांकडे वळवावी लागली. अशा दिवशी माणूस नकाशा उघडतो तो 'आता कुठून?' हे शोधायला. जमिनीवरचे आकार फार बदलले तर काय होते, हे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने पाहिले. तिच्या मास्सिमो व्हिन्येल्लीने केलेल्या १९७२ च्या देखण्या नकाशात लांबट सेंट्रल पार्क जवळपास चौरस झाले होते. लोकांच्या तक्रारी थांबल्या नाहीत आणि १९७९ मध्ये तो बदलावा लागला. रस्त्याच्या प्रवाशाला तर खिडकीतून सगळे दिसत असते, त्यामुळे आकार बदलण्याची आपल्याला सूट आणखी कमी.

जिल्ह्याच्या हद्दीवर रेघ तोडू नका, हेही आग्रहाने सांगतो. मुरगूडची रोजची ये-जा निपाणीशी आहे आणि निपाणी बेळगाव जिल्ह्यात येते. हद्दीपलीकडे पांढरा कागद ठेवणारा नकाशा इथल्या माणसाच्या उपयोगाचा नाही.

वाचकांनी आपापल्या तालुक्याचा असा नकाशा आखून आमच्याकडे पाठवावा. आकार साध्या ए-फोर कागदाचा, कारण तो स्टँडवरच्या फलकावर चिकटवता यायला हवा. एकाच मापाच्या दोन प्रती करा: एक उन्हाळ्याची, दुसरी पावसाळ्याची. दुसरीत पाण्याखाली जाणारे पूल तुटक रेघेने दाखवा आणि ते कोणते, हे त्या मार्गावरच्या चालक-वाहकांना विचारूनच ठरवा.