तंतूंच्या आडवे : एका पाककृतीचे वाचन

साहित्याच्या वर्गात आज जाहिरातीचे वाचन होते, चित्रपटाचे होते, क्वचित राजकीय घोषणांचेही होते. पाककृतीचे मात्र होत नाही. तिच्यात 'लेखन' असे काही नसते, असा एक समज त्यामागे असावा. हा समज चुकीचा आहे असे माझे मत आहे. ते पटवून देण्यासाठी मी एक अगदी सामान्य उदाहरण घेतो : ग्रिलवर भाजलेले स्टेक घातलेले 'हार्टी' पास्ता सॅलड. अमेरिकेत उन्हाळा सुरू झाला की नियतकालिकांच्या पाककृतींच्या पानांवर हा पदार्थ हटकून दिसतो.

प्रथम ते विशेषण पाहू. 'हार्टी' या शब्दात हृदय आहे, पण अर्थ मात्र पोटाचा. मराठीत आपण सरळ 'पोटभरीचे' म्हणतो आणि हृदय वगळतो. सॅलड म्हटले की अमेरिकन वाचकाच्या मनात पथ्य, हलके खाणे, वजनाचा काटा असे काहीतरी येते. त्याची शंका फेडण्यासाठी हे विशेषण शीर्षकात येते आणि त्याला जामीन म्हणून स्टेक. शीर्षक म्हणजे एक छोटासा युक्तिवादच आहे.

इथे रोलाँ बार्थची आठवण होणे अपरिहार्य आहे, कारण या थाळीतले दोन्ही मुख्य घटक त्याने वाचलेले आहेत. 1957 च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये स्टेक आणि तळलेल्या बटाट्यांवर एक टिपण आहे. त्यात स्टेकचे आकर्षण रक्ताच्या मिथकाशी जोडलेले आहे. 1964 च्या 'प्रतिमेचे वक्तृत्व' या निबंधात पान्झानी या फ्रेंच कंपनीच्या पास्त्याची जाहिरात आहे : जाळीची पिशवी, टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची आणि या सर्वांतून उभे राहिलेले 'इटालियनपण', तेही फ्रेंच गिऱ्हाइकासाठी घडवलेले. दोन्ही वाचने अप्रतिम आहेत. तरीही माझी एक तक्रार आहे. बार्थ तयार ताट वाचतो, किंवा ताटाचे चित्र वाचतो. चुलीपाशी तो उभा राहत नाही. पदार्थ त्याला चिन्ह म्हणून दिसतो, कृती म्हणून नाही. आणि पाककृती ही संहिता तर सगळी कृतीची, आज्ञार्थाची आहे. आपल्याकडच्या चिन्हमीमांसेने त्याचा चष्मा घेतला तो या मर्यादेसकट.

अमेरिकेतील मुक्कामात मी हा पदार्थ दोनदा केला. पहिला बिघडला, पण तो बिघडल्यामुळेच संहिता मी नीट वाचली. पास्ता आखूड आणि पिळाचा हवा, म्हणजे वळ्यांत मसाला अडकतो. 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि सुमारे 10 ग्रॅम मीठ, हा इटालियन घरांतला जुना हिशेब. गरम खायच्या पास्त्यात दाताखाली थोडी कणी राहावी असे म्हणतात. थंड खायचा असेल तर मात्र मिनिटभर जास्त शिजवावा लागतो, कारण निवताना त्यातला स्टार्च घट्ट होतो. मी ही सूचना वगळली होती. 3 भाग ऑलिव्ह तेल, 1 भाग व्हिनेगर, मोहरीची पेस्ट, मीठ, मिरपूड. यातले अर्धे मिश्रण पास्ता कोमट असतानाच घालायचे आणि अर्धे वाढताना, कारण मधल्या काळात पास्ता पहिले पिऊन टाकतो. मग कांदा, टोमॅटो, अरुगुलाची किंचित कडू पाने आणि असल्यास निळे चीज.

स्टेकसाठी बहुधा 'फ्लँक' सांगतात. हा गुराच्या पोटाकडचा चपटा तुकडा असतो, स्वस्तातला आणि लांब जाड तंतूंचा. तो कडक आचेवर दोन्ही बाजूंनी भाजायचा, 5 ते 10 मिनिटे विसावू द्यायचा आणि मग तंतूंच्या आडवे पातळ काप करायचे. तंतूंच्या दिशेने कापला तर चावताना जबडा दुखतो, आडवा कापला तर तोच तुकडा मऊ लागतो. सुरीची दिशा बदलली की पदार्थ बदलतो. एका क्रियाविशेषणावर इतके काही अवलंबून असलेले गद्य अन्यत्र फारसे आढळत नाही.

या गद्यात रूपकेही आहेत आणि ती तथ्यांपेक्षा चिवट आहेत. मांस कडक आचेवर धरले की त्याचा रस आत 'सीलबंद' होतो, हे वाक्य अजूनही पाककृतींत सापडते. ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने रूढ केली. हॅरॉल्ड मॅगीने 1984 च्या ग्रंथात ती खोडून काढली : भाजलेला पापुद्रा काही अडवत नाही, रस बाहेर येतच राहतो. आच हवी ती खरपूस रंगासाठी आणि चवीसाठी. सिद्धान्त गेला, क्रियापद राहिले. 'रक्त' हेही तसेच. कमी भाजलेल्या स्टेकला फ्रेंच भाषा 'रक्ताळलेले' म्हणते. प्रत्यक्षात ताटात उतरणारा लाल द्रव म्हणजे पाणी आणि मायोग्लोबिन नावाचे प्रथिन. इंग्रजीतला 'रेअर' हा शब्द मुळात अर्धवट शिजलेल्या अंड्यांसाठी होता. आणि मराठी? आपल्याकडे आहे 'अर्धकच्चे', आणि ते आपण नवशिक्या समीक्षकांसाठी राखून ठेवले आहे. असो.

मुद्दा अनुवादाचा आहे. परतल्यावर एका दैनिकाच्या पुरवणीने मागितली म्हणून मी ही पाककृती मराठीत करून दिली. छापून आली तेव्हा स्टेकच्या जागी पनीर होते. मला विचारले नव्हते. नाम बदलले गेले, पण क्रियापदांकडे कोणी पाहिले नाही. त्यामुळे छापील मजकुरात असे उरले की पनीर दहा मिनिटे विसावू द्यावे आणि तंतूंच्या आडवे कापावे. पनीरला तंतू नसतात. पाठचिकित्सा शिकवताना आपण सांगतो की पुसलेला पाठ कुठेतरी खूण ठेवतोच. त्याचे इतके शुद्ध उदाहरण मला जुन्या पोथ्यांत मिळाले नव्हते.

संपादकांची बाजू मला कळते. महाराष्ट्रात 2015 च्या कायदादुरुस्तीनंतर गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि बहुसंख्य वाचक गोमांस खात नाहीत. पण कायद्याने मांसाचे वाचन बंद केलेले नाही. देवमाशाच्या शिकारीची कादंबरी आपण शिकवतो ती विद्यार्थ्यांनी भाला घेऊन समुद्रात उतरावे म्हणून नव्हे. शिवाय 'आपले वाचक' म्हणताना कोणाला मोजले? याच 2015 मध्ये शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांचे खाणे, त्यातले मांस, त्याचे नेमके शब्द, सारे तिथे मराठीतच आहे. मांसाच्या तुकड्यांसाठी मराठीला शब्द नाहीत अशी सबब त्यानंतर चालू नये. शब्द होते, ज्यांच्या तोंडी ते होते त्यांची स्वयंपाकघरे आपल्या पुरवण्यांत नव्हती.

पनीरचे सॅलड करू नये असे मी म्हणत नाही. कोणी जरूर करावे, त्याला स्वतःचे नाव द्यावे आणि भाजण्याची, कापण्याची त्याची रीत नव्याने लिहावी. ते रूपांतर ठरेल, आणि रूपांतराला मराठीत मोठी परंपरा आहे. माझा आक्षेप मूळ संहितेचे शीर्षक, क्रम आणि अनुवादकाचे नाव तसेच ठेवून मधला पदार्थ गुपचूप काढून घेण्याला आहे.

पुरवणीतील ते कात्रण मी आता अनुवादाच्या पहिल्या तासाला वर्गात वाटतो. मूळ मजकूर देत नाही. एवढेच विचारतो की इथे आधी काय होते? बहुतेक जण 'चिकन' म्हणतात. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने 'विसावू द्यावे' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि कागद परत दिला. उत्तर तिने लिहिले नव्हते, पण तिला ते माहीत होते.